‘नसतानाही’मधला ‘ही’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. कोल्हापुरात तुमचा २४ जणांचा हौशी क्वायर आहे, त्यात पुरुष फक्त ५. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारे तिघं-चौघं. नोव्हेंबरात कार्यक्रम आहे, हाताशी चार महिने. ‘छळछावणीच्या भिंतीवर सापडलेल्या कवितेवरचं’ एक गाणं तुम्ही ऐकलंत आणि आता सगळ्यांना तेच गायचं आहे. पण पहिल्या दोन तालमींतच दोघी-तिघींना रडू आवरेना आणि गाणं संपेपर्यंत सूर अर्धा स्वर खाली. तर रचना कोणती घ्यावी, मराठीत करून गावी का, आणि आपल्या घरात यातलं काहीच घडलेलं नसताना हे आपण गाणं शोभतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात २६ वर्षं क्वायर घेते. त्याआधी नगरच्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती भजनसंग्रहातली ना. वा. टिळकांची भजनं गात मोठी झाले. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण रचना निवडण्याची नाही. अशी गाणी गोड होऊन जातात, ही ती अडचण. आशेचे शब्द, संथ चाल, भरलेली हार्मनी, समोर पाणावलेले डोळे. आणि ज्याने ते शब्द लिहिले त्याची भीती मात्र कुठेच ऐकू येत नाही. ती गोडी कशी टाळायची हे कळलं की रचना कोणतीही चालेल. नाही कळलं तर जगातली सर्वोत्तम रचना घेतलीत तरी ग्रीटिंग कार्डच होईल.

आधी त्या ‘भिंतीवरच्या कविते’बद्दल, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी निवेदनात ठोकून दिलं, की छळछावणीतल्या एका मुलीने मरण्याआधी या ओळी बराकीच्या भिंतीवर कोरल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले, ‘कुठली छावणी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं, की तीच गोष्ट कोणी वॉर्साची म्हणून सांगतं, कोणी आउश्वित्झची म्हणून. जुने उल्लेख आहेत ते जर्मनीतल्या कोलोन शहराचे, तेही ज्यू माणसं लपून राहिली होती अशा एका जमिनीखालच्या जागेचे. १९४५ पासून या ओळी छापील दिसतात. लिहिणाऱ्याचं नाव नाही, मुलगी की म्हातारा तेही नाही. म्हणजे ‘छळछावणी’ हा शब्द तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतून आजच काढा. ‘कोलोनमध्ये लपून राहिलेल्या कोणा अनामिकाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ओळी’ एवढंच लिहा. त्याने परिणाम कमी होत नाही. उलट, लपलेल्या माणसाला अजून पकडलेलं नसतं, आणि आज रात्री पकडतील की नाही हे त्याला ठाऊक नसतं. गाणाऱ्याला ही अवस्था फार उपयोगी पडते.

ओळी तीनच आहेत. सूर्य तळपत नसतानाही माझा सूर्यावर विश्वास आहे. प्रेम जाणवत नसतानाही प्रेमावर विश्वास आहे. देव गप्प असतानाही देवावर विश्वास आहे. आता हे मोठ्याने म्हणून बघा आणि आपसूक जोर कुठे पडतो ते ऐका. नव्याण्णव टक्के क्वायर ‘विश्वास’वर फुलतात. कंडक्टरचे हात वर जातात, सोप्रानो, म्हणजे बायकांचे सर्वांत वरचे आवाज, उजळतात. माझ्या मते तिथेच गाणं हातातून जातं. विश्वास आहे असं कोणीही म्हणेल. ओळीचा जीव त्या ‘ही’मध्ये आहे. सूर्य नाहीये, हे त्या माणसाने आधी कबूल केलंय. देव बोलत नाही, हेही. मराठीने आपल्याला हे एका अक्षरात दिलंय. इंग्रजीत गाताना दोन शब्दांवर ते काम भागवावं लागतं, आणि सुरावटीत ते दोन शब्द बहुधा लहान स्वरांवर येतात, म्हणून गाणारे ते गिळून टाकतात. मी तालमीत आधी मराठीत म्हणून घेते, प्रत्येकाने ‘ही’ कसा उच्चारला ते ऐकते, आणि मगच इंग्रजीकडे वळते. ‘विश्वास’ आला की आवाज वाढवायचा नाही, असा माझ्याकडे जवळपास नियम आहे. कंपोझरनेच तिथे मोठा आवाज लिहिला असेल तर अर्थातच त्याचं ऐकायचं, पण तिथवर पोचायला त्या ‘ही’तून जायचं.

एवढं ताणून सांगते त्याला कारण आहे. युद्धकाळात लिहिलेल्या आशेच्या कुठल्याही मजकुराला हीच गोष्ट लागू पडते: लिहिणाऱ्याला शेवट माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे. आपण तो शेवट आधीच गाऊन टाकतो. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाद्र्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनमधल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, तुरुंगातून त्याने आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिलं आणि सोबत नव्या वर्षासाठी सात कडव्यांची एक कविता पाठवली. जर्मनीत ती आज घराघरांत गातात. पण लोकांच्या ओठांवर असतं ते शेवटचं कडवं, भल्या शक्तींनी आपल्याला सुरक्षित वेढलंय असं म्हणणारं. ओटो आबेलने १९५९ मध्ये चाल लावली तीही आधी त्याच एका कडव्याला. आता मधलं तिसरं कडवं वाचा. तिथे दुःखाचा कडू प्याला आहे, काठोकाठ भरलेला. आणि पुढच्याच कडव्यात तो म्हणतो, पण तुला आम्हाला पुन्हा एकदा आनंद द्यायचा असेल तर. ‘असेल तर’! ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली. तो प्याला वगळून नुसतं शेवटचं कडवं गायलं तर ती अंगाई होते. तुम्ही हे कधी घेतलंत तर निदान तीन कडवी घ्या, आणि त्यातलं एक प्याल्याचं असू द्या.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एक आडवाट घेते. आज जिथे तुम्ही कापड घ्यायला जाता ते गांधीनगर, तिथेच वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८. सोव्हिएत राजवटीने घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात पाठवलेली आणि मग इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. साधारण त्याच काळात, १९४४ मध्ये, पोलंडच्या झाकोपाने गावात गेस्टापोच्या कोठडीत हेलेना नावाच्या १८ वर्षांच्या मुलीने भिंतीवर लिहिलं, की आई रडू नकोस, आणि मग स्वर्गाच्या राणीला, मरियेला, विनवणी केली. पोलिश संगीतकार हेन्रिक गोरेत्स्कीने १९७६ च्या आपल्या तिसऱ्या सिंफनीत ते शब्द घेतले. त्याचं म्हणणं असं होतं की मोठमोठे शब्द, सूडाच्या हाका त्याला नेहमीच खटकत आल्या होत्या. इतर कैद्यांनी भिंतीवर आपण निर्दोष असल्याचं लिहिलं, मारेकऱ्यांना शिव्या दिल्या. ही मुलगी मात्र जवळजवळ आईची माफी मागते. तुम्हाला अनेक जण ही सिंफनी सुचवतील. ऐका जरूर, सगळ्या क्वायरला बसवून ऐकवा. पण ती सोप्रानो एकल आणि ऑर्केस्ट्रासाठी आहे, तुमच्या कामाची नाही. तिचा साधेपणा तेवढा उचला.

‘आपल्याला शोभतं का’ याचं माझं उत्तर यातच आलं. वळिवड्याच्या पंचक्रोशीतल्या माणसाला युरोपातलं ते युद्ध अगदीच परकं आहे असं कोणी म्हणू नये. आणि तसा धागा नसता तरी? नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या तेरेझिनच्या वस्तीत राफाएल शेख्टरने कैद्यांचा क्वायर उभा करून व्हेर्दीचा ‘रिक्वियम’ बसवला, म्हणजे कॅथलिकांची मृतांसाठीची प्रार्थना, लॅटिनमध्ये. ज्यू कैद्यांनी ही प्रार्थना का गावी म्हणून तिथल्याच ज्येष्ठांनी आक्षेप घेतला होता. त्यांनी तरीही गायली, १९४३-४४ मध्ये १६ वेळा. निम्मा क्वायर आगगाडीत भरून पूर्वेला, आउश्वित्झला, पाठवला गेला की शेख्टर पुन्हा नवे गाणारे उभे करायचा. तेव्हा धर्म कोणाचा हा प्रश्न माझ्या दृष्टीने त्यांनीच निकालात काढलाय. शोभत नाही ते एवढंच: आपणच ते भोगल्याचा आव आणणं.

आता रचना. तुम्ही ऐकलेली बहुधा नॉर्वेच्या किम आंद्रे आर्नेसेनची असावी, ट्रॉन्डहाइमच्या संत ओलाव महोत्सवासाठी २०११ मध्ये केलेली, वाद्यांशिवाय. सुंदर आहे. पण ५ पुरुषांना ती झेपणार नाही असं मला वाटतं. टेनर-बास, म्हणजे पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, विभागले की एकेका सुरावर एक-दोन माणसं उरतात, आणि साथीला काही नसल्याने कोणाचाही सूर हलला की इमारत हलते. तुमच्या पाचांपैकी दोघं अगदी पक्के असतील तर माझं म्हणणं सोडून द्या. तुमचे आवाज मी ऐकलेले नाहीत. त्याच तीन ओळींवर झेड. रँडल स्ट्रूप यांची पियानोसोबतची रचना आहे, ती बायकांच्या आवाजांसाठीही मिळते. मी तुमच्या जागी असते तर ती घेतली असती. पियानो सूर धरून ठेवतो हा मोठा आधार. फ्रान्सिस पूलांकने व्याप्त फ्रान्समध्ये १९४३ साली पॉल एल्युआरच्या कवितांवर लिहिलेली १२ आवाजांची दुहेरी क्वायरची रचना कोणी सुचवली तर हसून सोडून द्या, व्यावसायिक क्वायरांनाही तिथे घाम फुटतो. जेम्स व्हिटबर्नची अ‍ॅन फ्रँकच्या डायरीवरची ‘अ‍ॅनेलीस’, २००५ ची, सलग तासाभराहून मोठी आहे. पुढच्या वर्षी एखादा भाग बघा.

खरं तर माझ्या मनात तुमच्यासाठी वेगळंच आहे. १९ बायका आहेत ना? मग सुमात्राकडे वळा.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं तेव्हा पळून निघालेल्या बायका-मुलांची जहाजं बुडवली गेली, आणि वाचलेल्यांना जपानी सैन्याने सुमात्रात पालेम्बांगच्या छावण्यांत डांबलं. डच, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन. त्यांत मार्गारेट ड्रायबर्ग ही प्रेस्बिटेरियन मिशनरी होती. तिने बंदिवानांसाठी एक स्तोत्र लिहिलं, शब्द आणि चाल दोन्ही तिचीच. ५ जुलै १९४२ ला ते पहिल्यांदा गायलं गेलं आणि पुढे रविवारच्या उपासनेत ते ठरूनच गेलं. त्यात धीर मागितलाय, धैर्य मागितलंय, आणि एका कडव्याच्या शेवटी म्हटलंय की तुझी इच्छा मान्य करू, मग आम्ही मुक्त असू वा अजून बंदीतच. हा ‘अजून’ बघा. कैदेच्या पाचव्या महिन्यात लिहिलेला. पुढे तीन वर्षं काढायची होती, आणि तिला स्वतःला तीही पुरी मिळाली नाहीत. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला चारेक महिने असताना, ती गेली.

याच ड्रायबर्गने नोरा चेंबर्स या संगीत शिकलेल्या सोबतिणीबरोबर आणखी एक गोष्ट केली. वाद्यं नव्हती, म्हणून पियानोच्या आणि ऑर्केस्ट्राच्या रचना आठवणीतून कागदावर उतरवून बायकांच्या चार आवाजांसाठी मांडल्या. शब्द नाहीत, नुसते ‘आ’, ‘ऊ’, ‘लू’ आणि गुणगुणणं. २७ डिसेंबर १९४३ ला पहिला कार्यक्रम झाला, चेक संगीतकार द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला संथ भाग त्यात होता. ३० बायका, अशक्त, म्हणून बसून गाणाऱ्या. जमाव पांगवायला धावत आलेला पहारेकरी ऐकत उभा राहिला, असं वाचलेल्यांनी सांगितलंय. मग गाणाऱ्याच मरत गेल्या आणि १९४५ मध्ये ते थांबलं. हाताने लिहिलेल्या प्रती मात्र वाचल्या, आज त्यावरून छापलेल्या प्रती मिळतात.

तुमच्यासाठी यात किती सोय आहे बघा. बायकांचे चार आवाज. इंग्रजी उच्चारांची भानगड नाही. कोणत्या देवाचं नाव नाही, त्यामुळे कोणाला संकोच नाही. आणि पाच पुरुष? स्तोत्राच्या दोन कडव्यांत त्यांना खालून आधार द्यायला लावा. तर क्रम असा: आधी ड्रायबर्गचं स्तोत्र, मग शब्दांशिवायचा द्वोर्झाक, आणि शेवटी त्या तीन ओळी पियानोसोबत. वीसेक मिनिटं होतील. भरपूर आहेत.

नोटेशन येत नाही याची फार चिंता करू नका. तेरेझिनमध्ये शेख्टरनेही दीडशे माणसांना व्हेर्दी तोंडी शिकवला होता, तळघरात, एका प्रतीवरून. मी प्रत्येक आवाजाची ओळ सरगममध्ये लिहून देते. पाश्चात्त्य टॉनिक सोल्फा (डो-रे-मी) आणि आपली सरगम एकाच माळेच्या. फक्त पट्टी बदलली की नवा ‘सा’ कुठे ते लाल पेनने दाखवा, नाहीतर आल्टो, म्हणजे बायकांचे खालचे आवाज, जुन्याच ‘सा’वर बसून राहतात. फोनवर ओळी ध्वनिमुद्रित करून पाठवा, पण पियानोवर वाजवून नको, स्वतः गाऊन. श्वास कुठे घेतलाय तेही त्यांना ऐकू येतं.

सूर उतरण्याचं कारण नुसतं रडणं नाही. आपल्याकडचे आवाज मींडेवर पोसलेले असतात, वरच्या स्वरावर खालून सरकत जायची सवय असते. एकट्याने गाताना ती शोभा आहे. चार आवाजांत चौघे वेगवेगळ्या वेगाने सरकले की कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेल्या स्वरांचा मेळ, गढूळ होतो आणि हळूहळू खाली बसतो. मी तंबोरा ऐकवत प्रत्येक कॉर्डवर थांबवते, सरकणं न घेता थेट स्वरावर उतरायला लावते. कंटाळवाणं काम आहे. आठवड्यातून दहा मिनिटं पुरतात, पण दर आठवड्याला. संथ गाणं आधी दीडपट वेगाने बसवा, म्हणजे श्वास पुरतो; वेग शेवटच्या महिन्यात कमी करा. लांब स्वरावर एकाच आवाजातल्या शेजारणींनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, कोणी कुठे हे प्रतीवर लिहून.

आणि रडू. त्याला वेगळी जागा द्या. एक अख्खी तालीम न गाता बसा, मजकूर वाचा, ड्रायबर्गची गोष्ट सांगा, ज्याला रडायचंय त्याने तिथे रडावं. मी तर बिस्किटं आणि चहाही ठेवते. नंतरच्या तालमींत हुंदका आला तर स्वर सोडायचा, दोन श्वास घ्यायचे, आणि हळूच परत यायचं, हे आधी ठरवून टाकायचं. रडू आलं की गळा आवळतो आणि श्वास वर अडकतो, तेव्हा जोर करून गाणं हा सूर बिघडवायचा खात्रीचा मार्ग. कार्यक्रमाच्या दिवशी प्रेक्षकांकडे बघायचं नाही. पहिल्या रांगेत कोणाची तरी आई रुमाल काढतेच.

मराठीत गाण्याबद्दल माझं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही. सुरांना मूळ शब्दांचे आघात चिकटलेले असतात; मराठी बसवताना आपण लघु-दीर्घाची मोडतोड करतो आणि तो ‘ही’ नेमका चुकीच्या जागी लांबतो. शिवाय हयात संगीतकाराच्या रचनेचं भाषांतर करून गायचं तर प्रकाशकाची परवानगी लागते, आणि प्रतीही २४ विकतच घ्याव्या लागतात, झेरॉक्स नाही. मूळ भाषेत गा. आधी एकाने मराठी अर्थ वाचावा, साध्या आवाजात. ‘भावपूर्ण’ वाचणारे निवेदक टाळा.

पडद्यावर छायाचित्रंही नकोत. मी एकदा छावण्यांचे फोटो दाखवले होते. लोक फोटो बघून हेलावले, क्वायर काय गातोय ते कोणी ऐकलंच नाही, आणि त्या फोटोतल्या माणसांना मी सजावट म्हणून वापरलं ही टोचणी अजून आहे. निवेदन तीन-चार वाक्यांचं, खात्री असलेल्या गोष्टींचं. तीन गाण्यांच्या मध्ये टाळ्या नकोत हे सुरुवातीलाच सांगून टाका.

पहिल्या तालमीला संगीताच्या प्रती वाटू नका. त्या तीन ओळी मराठीत फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाकडून ‘नसतानाही’ म्हणून घ्या, पाचही पुरुषांकडूनसुद्धा. तुमच्या टेनरांचा वरचा ‘सा’ कुठल्या पट्टीत आरामात लागतो ते मला कळवा. स्तोत्र कुठल्या पट्टीत घ्यायचं ते त्यावरून सांगते.